गाळात दडलेला तलाव

उन्हाळा सरत आला की गोंदिया जिल्ह्यातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचे पाणी पाळीपासून दूर सरकते, लहान बोड्या पार कोरड्या पडतात आणि भेगाळलेल्या तळावर जेसीबी उतरतात. 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आल्यापासून राज्यभर या कामाला जोर आला. गाळ निघाला की पाणी जास्त मावते आणि तोच गाळ धानाच्या बांधीत पडला की जमीन सुधारते. दोन्ही फायदे खरे आहेत. पण या हिशेबात तळ म्हणजे निव्वळ अडगळ धरली जाते. पाण्यातल्या जिवांसाठी मात्र ते पुढच्या हंगामाचे बियाणे असते.

ही गोष्ट जेलीफिशइतकी स्पष्ट दुसरा कुणी क्वचितच दाखवतो. जेलीफिश समुद्रातच असतात, असा सर्वसाधारण समज आहे. मूळचे मालवणचे आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना 1911 च्या सुमारास सातारा जिल्ह्यात, वेण्णा-कोयनेच्या खोऱ्यात, गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. ती प्रजाती तोवर फक्त आफ्रिकेतच ठाऊक असलेल्या एका वंशातली होती. प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनन्डेल यांनी तिला लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले. हे जीव दिसत ते पावसाळ्याआधी, उन्हाळ्यात नदीचे डोह संथ झाले की. पूर आला की सगळे वाहून जात, तरी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हजर!

क्रॅस्पेडाकुस्टा हा गोड्या पाण्यातला दुसरा जेलीफिश 1880 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या कमळांच्या टाकीत अवचित दिसला. त्याच्या अभ्यासातून या लपंडावाचा उलगडा झाला. पारदर्शक छत्री ही त्याची काही आठवड्यांची अवस्था. एरवी तो दगडाला किंवा बुडालेल्या काटकीला चिकटलेला, जेमतेम मिलिमीटरभर उंचीचा पॉलिप असतो. वर्षानुवर्षे कुणाच्या नजरेस न पडता तो तगून राहतो आणि पाणी पंचवीस अंशांच्या आसपास तापले की त्याला छत्र्यांचे कोंब फुटतात. समुद्रातल्या बहुतेक मोठ्या जेलीफिशांचेही असेच आहे. पाणी तापले, त्यातला प्राणवायू घटला, धक्के आणि बंदरांच्या भिंतींनी पॉलिपांना चिकटायला जागा दिली, की त्यांचे थवे उसळू शकतात. जगभर ते सरसकट वाढतच चालले आहेत, असे मात्र म्हणता येत नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात त्यांच्या संख्येत सुमारे वीस वर्षांच्या अंतराने चढउतार आढळले. म्हणजे वर तरंगणारी गर्दी मोजून भागत नाही, खाली चिकटून बसलेल्यांचे काय चालले आहे तेही पाहावे लागते.

गोंदियाच्या तलावांत तळाशी दडून वाट पाहण्याची हीच भूमिका पाणपिसवा आणि त्यांच्यासारखे इतर प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, बजावतात. पाणी आटू लागले किंवा खाद्य कमी पडले की पाणपिसवेच्या पाठीवर खोगिरासारखी गडद, टणक डबी तयार होते. तिच्यात साधारण दोन अंडी असतात. कात टाकताना डबी सुटते आणि तळाच्या चिखलात रुतते. ऊन, दुष्काळ सोसून ही अंडी पडून राहतात. जुन्या गाळातली अंडी कित्येक दशकांनी उबवल्याचे प्रयोगशाळांत सिद्ध झाले आहे. पावसाचे पहिले पाणी साचले की त्यातली काही फुटतात. माशांच्या पिल्लांचे पहिले अन्न हेच. कटला मासा तर मोठा झाल्यावरही मुख्यतः प्राणिप्लवकांवरच जगतो. तेव्हा मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांच्या जाळ्यात येणाऱ्या माशाचा हिशेब चिखलातल्या त्या डबीपासूनच सुरू होतो.

गाळ पूर्वीही निघत होता. शेतकरी तो बंडीत भरून बांधीत नेत. बंडीचा वेग कमी, तिची वाटही ठरलेली. तळाचा बराच भाग त्या वर्षी तसाच राही. यंत्र आठवडाभरात अख्खा तळ खरवडू शकते, आणि त्याबरोबर अंडी, पाणवनस्पतींचे कंद, देवधानाचे (रानभाताचे) बी, सगळेच ट्रॉलीत जाते. वरून तलाव काठोकाठ भरलेला दिसतो, त्यामुळे काय गेले ते लगेच कळत नाही.

वेगळी वाट याच जिल्ह्यात आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर आणि त्यांच्या संस्थेसोबत ढिवर बायकांच्या गटांनी तलावांतले बेशरम हे तण उपटले, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि पाणी आल्यावर हायड्रिलासारख्या स्थानिक वनस्पती लावल्या. या कामात माती तलावातच राहते. पाणवनस्पती वाढल्या की प्लवकांना आडोसा मिळतो आणि स्थानिक माशांना अंडी घालायला जागा. साठवणक्षमतेच्या आकड्यात यातले काहीच दिसत नाही.

म्हणून गाळ काढणे थांबवण्याची गरज नाही, पद्धत बदलण्याची आहे. एका उन्हाळ्यात तळाचा एकच भाग खोदावा आणि काठाची उथळ पट्टी, जिथे वनस्पती रुजतात, ती सोडावी. न खोदायचा भाग अंदाजपत्रकातच आखलेला असावा, आणि तो आखण्याआधी त्या तलावावर मासेमारी करणाऱ्या सोसायटीला विचारलेले असावे.