मागून येणारी गाडी

माणसाच्या वेळेला किंमत असते, हे आता कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पण कोणाच्या वेळेची किंमत किती धरायची, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. तो समजून घ्यायचा असेल तर कामाच्या दिवशी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान निमाणीहून नाशिकरोडकडे जाणाऱ्या एखाद्या बसमध्ये उभे राहावे. प्रत्येक थांब्यावर हा प्रश्न विचारला जातो आणि बस थांबली की नाही, यातून त्याचे उत्तर मिळते.

मोजक्याच थांब्यांवर थांबणारी बस ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत बेस्टने १९४० मध्ये अशी सेवा सुरू केली आणि पुढे कित्येक वर्षे लाल आकड्याची ‘मर्यादित’ बस हा मुंबईकरांच्या बोलण्यातला शब्द झाला. एसटीत साधी, जलद आणि विनाथांबा असे प्रकार आहेत. नाशिकहून पुण्याला किंवा धुळ्याला विनाथांबा गाडीने जाणाऱ्याला मधली गावे खिडकीतून फक्त दिसतात. नाशिक शहरात मात्र ‘मर्यादित’ हा शब्द पाटीवर वाचण्यापेक्षा अनुभवायला अधिक मिळतो. गर्दीच्या वेळी बस सुरुवातीच्या दोन-तीन थांब्यांवरच भरते आणि मग ती आपोआप जलद होते. मधल्या थांब्यावरचे लोक हात करतात, ड्रायव्हर हातानेच खूण करतो की मागून गाडी येते आहे, आणि बस पुढे निघून जाते.

नाशिकची शहर बससेवा अनेक वर्षे एसटी महामंडळाकडे होती. ८ जुलै २०२१ रोजी महानगरपालिकेची सिटीलिंक सेवा सुरू झाली. नव्या बसगाड्या आल्या, मोबाईलवर तिकीट आले, पास आले. ही सोय मोठी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पण शहराची ठेवण बससेवेपेक्षा जुनी आहे. एका टोकाला पंचवटी, दुसऱ्या टोकाला नाशिकरोड, तिसरीकडे सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती आणि या सगळ्यांच्या मध्ये जुने नाशिक. भद्रकाली, चौक मंडई, कथडा या भागांतल्या गल्ल्यांत बस शिरू शकत नाही. तिथला माणूस चालत शालिमारला, सारडा सर्कलला किंवा द्वारकेला येतो. म्हणजे तो नेहमी मधल्या थांब्यावरचा प्रवासी असतो. टोकाच्या थांब्यावरच्या माणसाला रिकामी बस मिळते आणि मधल्या माणसाला भरलेली. यात कोणाचा द्वेष नाही, कोणाचे कारस्थान नाही. रस्त्याची रचनाच तशी आहे. म्हणूनच हा प्रश्न कोणावर आरोप करून सुटत नाही. त्याचा विचार करावा लागतो.

आधी जलद बसची बाजू प्रामाणिकपणे मांडू. समजा, बसमध्ये पन्नास माणसे आहेत आणि वाटेतले दहा थांबे गाळले. एका थांब्याला एक मिनिट धरले तर प्रत्येकाची दहा मिनिटे वाचली. सगळ्यांची मिळून पाचशे मिनिटे झाली. गाळलेल्या थांब्यांवर प्रत्येकी तीन माणसे उभी होती आणि त्यांना पंधरा मिनिटे जास्त थांबावे लागले, असे धरले तर त्यांचे नुकसान साडेचारशे मिनिटांचे. हिशेब सरळ आहे. पन्नास मिनिटांचा फायदा झाला. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख, हे बेंथॅमचे तत्त्व इथे जलद बसच्या बाजूने कौल देते.

आणि बसमधले हे पन्नास लोक कोणी श्रीमंत नाहीत. त्यांच्यात नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात जाणारा कामगार आहे, स्टेशनवर गाडी गाठायला निघालेला छोटा व्यापारी आहे, दवाखान्यात झाडू मारणारी बाई आहे. ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे ते बसने येत नाहीत. उशीर झाला तर ज्याचा अर्धा दिवस भरला जातो, त्याच्या दहा मिनिटांना आपण क्षुल्लक म्हणू शकत नाही. घाई हा सैतानाचा गुण आहे, असे आपल्याकडे वडीलधारे सांगतात. ते खरे आहे. पण मजुराची घाई आणि हावरटाची घाई एक नव्हे.

मग आपला दीन याबाबत काय शिकवतो? मला इथे हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांचा प्रसंग आठवतो. ते आपल्या वस्तीत इशाची नमाज पढवीत. एकदा त्यांनी सूरह बकरा सुरू केली. कुरआनातली ही सर्वांत दीर्घ सूरह. दिवसभर पाणी ओढणाऱ्या उंटांमागे राबून आलेला एक माणूस जमातीत होता. त्याला ते झेपेना. तो बाजूला झाला आणि एकट्यानेच नमाज पढून निघून गेला. मुआज यांनी त्याला मुनाफिक म्हटले. तक्रार प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्याकडे गेली. त्यांनी त्या थकलेल्या मजुराला बोल लावला नाही. त्यांनी मुआज यांनाच कडक शब्दांत समज दिली. लहान सूरती पढा, कारण तुमच्या मागे वृद्ध, दुबळे आणि गरजू लोक उभे असतात, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या एका हदीसमध्ये इमामाला, जमातीतल्या सर्वांत दुबळ्या माणसाचा अंदाज घेऊन चाला, अशी ताकीद आहे. मुलाच्या रडण्याचा आवाज कानी पडला की प्रेषित (स.) स्वतः नमाज आटोपती घेत. त्या मुलाची आई मागच्या सफीत असे.

या प्रसंगाचे दोन अर्थ एकाच वेळी ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला असा की, वेळ कमी करणे हे स्वतः वाईट नाही. थकलेल्या माणसाचा वेळ वाचवणे ही दया आहे. जलद बस ही त्या अर्थाने लहान सूरहसारखी आहे. दुसरा अर्थ असा की, गती ठरवताना इमामाने पुढे पाहायचे नसते, मागे पाहायचे असते. आपण किती चांगले पढू शकतो यावर गती ठरत नाही. शेवटच्या सफीतल्या माणसाला काय झेपते यावर ती ठरते. आणखी एक गोष्ट आहे. किरात लहान करता येते, पण रुकू आणि सजदा गाळता येत नाही. जे फर्ज आहे ते लहान नमाजेतही पूर्णच असावे लागते.

हाच नियम बसला लावून पाहू. थांबे कमी करायला हरकत नाही. पण जे थांबे पाटीवर लिहिले आहेत तिथे बस पूर्ण थांबली पाहिजे. म्हाताऱ्या माणसाचे दोन्ही पाय पायरीवर येईपर्यंत, बुरख्यातल्या बाईने कडेवरचे मूल सावरून दांडा धरेपर्यंत थांबली पाहिजे. चालत्या बसमध्ये उडी मारून चढू शकणाऱ्या तरुणापुरताच जो थांबा असतो, तो रुकूशिवायच्या नमाजेसारखा आहे.

अमेरिकन विचारवंत जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या न्यायविषयक ग्रंथात एक कसोटी सुचवली होती. समाजाचे नियम करताना आपण त्या समाजात कोणत्या जागी असणार आहोत, हे आपल्याला ठाऊक नाही असे समजावे आणि मग नियम करावेत. ही कसोटी बसच्या वेळापत्रकाला छान लागू पडते. उद्यापासून आपण निमाणीला राहणार की द्वारकेला, आपले वय पंचवीस असणार की सत्तर, हे माहीत नसताना वेळापत्रक करायला बसा. जलद बस आपण तेव्हाही ठेवू, कारण कदाचित आपणच तो कामगार असू. पण तिच्या मागे सर्व थांबे घेणारी बस खात्रीने ठेवू, कारण कदाचित आपणच ती म्हातारी असू. वरच्या हिशेबात जी पन्नास मिनिटे नफा म्हणून दिसली, ती मागची गाडी पंधरा मिनिटांत आली तरच. ती आलीच नाही तर हिशेबच मोडतो.

म्हणजे सगळा प्रश्न ‘मागून गाडी येते आहे’ या एका वाक्यावर येऊन थांबतो. हे वाक्य खरे असेल तर पुढे निघून गेलेली बस न्यायाने गेली. ते खोटे असेल तर तिने थांब्यावरच्या माणसांचा वेळ घेतला आणि बदल्यात फक्त शब्द दिला. वचन ही अमानत आहे. ड्रायव्हर ते वाक्य हाताच्या खुणेने बोलतो, पण ते त्याचे एकट्याचे नसते. किती गाड्या धावतील हे तो ठरवीत नाही. पगार थकल्यामुळे वाहकांनी काम बंद ठेवल्याचे प्रसंग या शहराने पाहिले आहेत. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत मागचीही गाडी नव्हती आणि पुढचीही नव्हती. म्हणून ड्रायव्हरला शिव्या देऊन आपण मोकळे होऊ नये. त्याच्या हाताच्या खुणेमागे महामंडळ आहे, महानगरपालिका आहे आणि त्यांना निवडून देणारे किंवा जाब न विचारणारे आपण आहोत.

आता बसच्या आत पाहू. पायरीवर लोंबकळणारा माणूस काकुळतीने म्हणतो, “भाऊ, जरा आत सरका, खूप जागा आहे.” तोच माणूस आत शिरला, त्याच्या पाठीमागे दार लागले की पुढच्या थांब्यावर म्हणतो, “आता कशाला थांबवता? पाय ठेवायला जागा नाही.” दोन मिनिटांत त्याचे जागेविषयीचे मत बदलते, आणि ते तो अगदी मनापासून बोलतो. कुरआनच्या सूरह मुजादलामध्ये बैठकीत आलेल्यांना जागा करून देण्याचा आदेश आहे आणि जो जागा करून देईल त्याला अल्लाह ऐसपैस जागा देईल, असे आश्वासनही आहे. सूरह निसामध्ये ज्यांच्याशी भले वागावे त्यांच्या यादीत आईवडील, नातेवाईक, अनाथ आणि शेजारी यांच्याबरोबर ‘बाजूचा साथीदार’ही येतो. अनेक मुफस्सिरांनी त्यात प्रवासातला सोबती धरला आहे. म्हणजे वीस मिनिटे आपल्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचाही आपल्यावर हक आहे. मग जो अजून थांब्यावर उभा आहे तो आपला कोण? आपण आधी चढलो, एवढाच त्याच्यात आणि आपल्यात फरक आहे.

या प्रश्नाची सर्वांत जड किंमत आपल्या मुली मोजतात. शिक्षक म्हणून हे रोज डोळ्यांसमोर असते. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी. नंतरच्या अंतराची हमी कायदा देत नाही. उर्दू माध्यमाच्या मुलीला अकरावीला दूर जावे लागते आणि तिथून बसचा संबंध येतो. ग्रामीण मुलींसाठी सरकारने एसटीचा मोफत पास दिला, हे फार चांगले झाले. पण पास हातात असून बस थांबत नसेल तर तो नुसता कागद. दोन दिवस मुलगी थांब्यावरून उशिरा परतते. तिसऱ्या दिवशी अब्बा म्हणतात, “रहने दे बेटी, जमाना खराब है.” चौथ्या दिवशी तिचे दप्तर खुंटीला लागते. तिला शिकू नको असे कोणीच म्हटलेले नसते. फक्त बस थांबलेली नसते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात सहा ते चौदा वयोगटातली पंचवीस टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती, असे नोंदले आहे. त्या आकड्यामागे गरिबी आहे, इतर अनेक कारणे आहेत. पण अंतर आणि वाहन ही कारणे आपण मोजतच नाही, कारण ती फार साधी वाटतात.

आपल्या समाजातही आता काही जण जलद बसमध्ये बसले आहेत. कोणी डॉक्टर झाले, कोणी इंजिनिअर, कोणी शिक्षक. जुन्या नाशिकची गल्ली सोडून त्यांनी मोठ्या रस्त्यावर फ्लॅट घेतले. यात गुन्हा काही नाही. त्यांची गती कष्टाची आहे. पण त्यांनीही मागच्यांना ‘येते आहे मागून गाडी’ अशी खूण केली आहे. ती गाडी म्हणजे कोण? शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणारा एखादा माणूस, मोहल्ल्यातली संध्याकाळची अभ्यासिका, मुलींना कॉलेजपर्यंत नेणारी सामाईक रिक्षा, थांब्यासाठी महानगरपालिकेत दिलेला अर्ज आणि त्याचा पाठपुरावा. ही गाडी आपणच चालवायची असते. ती दुसरे कोणी पाठवील असे समजून पुढे निघून जाणे म्हणजे खूण करून वचन न पाळणे.

कुरआनने ईमानदारांच्या मालमत्तेत दोघांचा हक सांगितला आहे. एक साइल, म्हणजे मागणारा. दुसरा महरूम, म्हणजे वंचित. थांब्यावर हात करणारा साइल आहे, तो निदान दिसतो तरी. बस थांबतच नाही हे कळल्यावर ज्याने हात करणे सोडले, जो पायी निघाला किंवा घरीच राहिला, तो महरूम आहे. बसच्या खिडकीतून तो दिसत नाही. त्याची मोजणी करायची तर बसमधून उतरून थांब्यापर्यंत, आणि थांब्यावरून गल्लीपर्यंत चालत जावे लागते.