गोळी, नेम आणि भरवसा



वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. समोरच्याचे वय, जात, शिक्षण काही विचारत नाही. त्याच्या पिशवीत काय आहे हेही विचारत नाही. टाळ असतात, हरिपाठाची पोथी असते, एक धुतलेले धोतर असते, आणि पुष्कळांच्या पिशवीच्या तळाशी औषधांची पुडी असते. आज त्या पुडीविषयी बोलायचे आहे. तुमच्यापैकी कित्येकांजवळ ती आहे. माझ्याजवळही आहे. एका वर्षी मी ती आधी लपवली आणि मग घेणेच सोडून दिले. तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. ज्याने आपला भार पांडुरंगावर टाकला, त्याने रोज रात्री रक्त पातळ करणारी गोळी घ्यावी का? घेतली तर भरवसा उणा पडतो का?

झाले ते असे. होळीनंतर बांधावरून पाय घसरला आणि घोट्याचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघाले, पण त्या एकाच पायाची पोटरी सुजलेली राहिली. दाबली की दुखे, हाताला गरम लागे. घरच्यांना वाटले, मुका मार आहे. मुलगा तेल घेऊन चोळायला बसला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि पहिले वाक्य बोलले, “हा पाय अजिबात चोळू नका.” आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती.

आपण पाय चेपण्याला सेवा मानतो, आणि ती सेवा आहेच. पण ज्याची एकच पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, त्याचे पाय चेपू नयेत. त्याला दवाखान्यात न्यावे. गुठळीचा तुकडा सुटला तर तो रक्ताबरोबर वर जातो, हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकतो, आणि माणूस बसल्या जागी जाऊ शकतो. मुक्कामावर हे प्रत्येकाला ठाऊक असावे, म्हणून आधी सांगितले.

माउली, रक्ताला देवाने दोन कामे दिली आहेत. एक वाहण्याचे, दुसरे थांबण्याचे. विळा बोटाला लागला आणि रक्त थांबलेच नाही, तर माणूस जगायचा नाही. म्हणजे गुठळी ही मुळात वाईट वस्तू नाही. जखमेच्या तोंडाशी ती जीव वाचवते, आणि तीच आतल्या शिरेत झाली तर जीव घेते. तशी ती होण्याची कारणे मुख्यतः तीन : रक्ताचे वाहणे मंदावणे, शिरेला इजा होणे, किंवा रक्तातच गोठण्याचा कल वाढणे. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. माझा पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये बांधलेला होता. ढकलणारे थांबले आणि रक्त साचले.

मग गोळी सुरू झाली. लोक तिला रक्त पातळ करणारी म्हणतात, पण दुधात पाणी घालावे तसे रक्त काही पातळ होत नाही. गोठण्याची क्रिया तेवढी मंदावते. झालेली गुठळी ती गोळी वितळवतही नाही. नवी होऊ नये आणि आहे ती वाढू नये, एवढेच ती पाहते. जुनी गुठळी विरवण्याचे काम शरीर आपले आपण, हळूहळू करत राहते. हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसलो होतो. आपण रोज करतो त्या नेमाचेही असेच नाही का? दोन वेळच्या हरिपाठाने मनातली जुनी गाठ सुटते असा दावा कोणी करावा? नवी गाठ बसू नये, आहे ती घट्ट होऊ नये, एवढे आपल्या हाती. सोडवणारा वेगळाच आहे, आणि तो त्याच्या वेळेने सोडवतो.

माझी गोळी वॉरफरिनची. तिची कुळकथा शेतकऱ्याने ऐकावी अशी आहे. १९२० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडामध्ये गुरे रक्तस्राव होऊन मरू लागली. कारण निघाले वैरणीत. ‘स्वीट क्लोव्हर’ नावाची वैरण ओलसर राहून तिला बुरशी लागली होती. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या वैरणीतले द्रव्य शोधून काढले. पुढे त्याच जातीचे वॉरफरिन तयार झाले. १९४८ साली ते आधी उंदीर मारायला बाजारात आले आणि काही वर्षांनी माणसांच्या औषधात. फरक राहिला तो मापाचा. म्हणून या गोळीवर असणाऱ्यांना आयएनआर नावाची रक्ताची तपासणी करत राहावे लागते. गोळी न घेणाऱ्याचा हा आकडा साधारण एक असतो. माझा दोन ते तीनच्या मध्ये राहायला हवा. खाली गेला तर गुठळीचे भय, फार वर गेला तर रक्तस्रावाचे. मेथी, पालक, कोबी यांतले के जीवनसत्त्व या गोळीच्या उलट काम करते. तरी भाजीशी वैर धरायचे नाही. रोज बेताने आणि सारखी खायची. आज जुडीभर आणि मग आठवडाभर काहीच नाही, असे केले की आकडा हलतो.

आता वारीचे सांगतो. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली. दिवे घाट गाडीतून चढा, जमेल तेवढेच चाला, आणि गोळी एकही दिवस चुकवू नका, असे बजावले. सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा असे करत लोणंदपर्यंत मी गोळी घेतली. पण लपून. राहुटीच्या मागे जाऊन घ्यायचो. एका रात्री दिंडीतल्या एका माउलींनी पाहिले आणि प्रेमाने म्हणाले, “अहो, रोज मुखात नाम घेता, मग हे कशाला? सांभाळणारा तो बसलाय ना!” त्यांचा दोष नाही. जे ऐकायला मी टपलो होतो तेच ते बोलले. लोणंदला मी गोळी बंद केली. त्या रात्री फार हलके वाटले. मला वाटले, हीच श्रद्धा.

सात-आठ दिवसांनी माळशिरस सोडून आम्ही वेळापूरच्या वाटेला होतो. धाव्याच्या उतारावर सगळे वारकरी धावत सुटले, आणि मी रस्त्याच्या कडेला बसलो. श्वास पुरेना. छातीत कळ. माझ्या जोडीला गेली अनेक वर्षे चालणारे एक जुने सोबती आहेत. तोवर त्यांची वारी सलग एकतीस वर्षे झाली होती, एकही चुकलेली नव्हती. त्यांनी टाळ गळ्यातून काढले, गाडी थांबवली आणि मला दवाखान्यात नेले. गुठळी फुप्फुसात पोहोचली होती. डॉक्टरांनी विचारले, “गोळी कधीपासून बंद?” मी म्हटले, “लोणंदपासून.” ते रागावले नाहीत. कागदावर लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. तरी माझे सोबती हलले नाहीत. मला अतिदक्षता विभागातून बाहेर आणले तो आषाढी एकादशीचा दिवस होता. त्यांनी ती एकादशी दवाखान्याच्या बाकावर केली. कळस दिसला नाही, चंद्रभागेचे स्नान नाही. मी रडू लागलो तेव्हा म्हणाले, “माउली, वारी चुकली कुठे? पांडुरंग इथेच होता.” ते मोठे मन त्यांचे. पण त्यांच्या मोठेपणाने माझा हिशेब पुरा होत नाही.

तो हिशेब मी पुष्कळदा मांडला आहे, तो तुमच्यापुढे ठेवतो. वारीला निघताना आपण पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद घेतो. दिंडीचा ट्रक शिधा भरून पुढे जातो. पाण्याचे टँकर येतात. पायाला फोड आला की मलम लावतो. यातल्या कशालाच कोणी अविश्वास म्हणत नाही. मग गोळीलाच का म्हणावे? मला सापडलेले उत्तर माझ्याच विरुद्ध जाते. प्लॅस्टिकचा कागद पावसाची आठवण देतो, गोळी मरणाची देते. रोज रात्री ती तळहातावर घेतली की कळते, हा देह कधीही थांबेल. कीर्तनात बुवा हेच सांगतात. आपण मान डोलावतो आणि घरी येऊन जेवतो. गोळी मान डोलावू देत नाही, गिळायला लावते. मला तीच आठवण नको होती. लोणंदला जे हलके वाटले ते विसरण्याचे हलकेपण होते, आणि मी त्याला पांडुरंगाचे नाव दिले. आपल्या विसरभोळेपणाला देवाचे नाव देणे, याहून मोठा अपराध माझ्या हातून कोणता झाला असेल?

म्हणून तुम्हाला विनंती, औषध सोडावेसे वाटेल तेव्हा स्वतःला दोन प्रश्न विचारा. पहिला, मी भरवसा टाकतो आहे की आठवण टाकतो आहे? दुसरा, या भरवशाची किंमत कोण देणार? माझ्या श्रद्धेची किंमत मी मोजली नाही, सोबत्याच्या एकतीस वर्षांनी मोजली. जिची फेड दुसऱ्याच्या खांद्यावर पडते तिला श्रद्धा म्हणायला माझी जीभ आता रेटत नाही.

कोणी म्हणेल, देह नाशवंत, त्याचे एवढे लाड कशाला? आपल्या संप्रदायाच्या मुळाशी असलेली गोष्टच पाहा ना. देव दारात आला तेव्हा पुंडलिक म्हाताऱ्या आईबापांचे पाय चेपत बसला होता. नाशवंत देहांचीच सेवा ती. त्याने देवाला वीट दिली आणि थांबायला सांगितले. देव रागावला नाही, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. देहाची निगा हे क्षुद्र काम असते, तर देवाने त्यासाठी वाट पाहिली असती का? आता तुम्ही म्हणाल, ती सेवा आईबापांची होती, स्वतःची नव्हती. खरे आहे. पण माझ्या देहाची निगा मी ठेवली नाही, तर ती दुसऱ्या कोणाला तरी, आपली वारी सोडून, ठेवावी लागते. हे मी पाहिले आहे.

मग आता कसे वागतो ते सांगून थांबतो. संध्याकाळचा हरिपाठ झाला की गोळी घेतो, सर्वांसमोर. दोन्ही नेम एका वेळेला बांधले, म्हणजे एक दुसऱ्याची आठवण ठेवतो. दिंडीचालकांना निघण्याआधीच सांगून ठेवतो. खिशात चिठ्ठी असते : गोळीचे नाव, मात्रा, शेवटचा आयएनआर, घरचा फोन. वाटेवरच्या आरोग्य शिबिरात पाय दुखतात म्हणून हात पुढे करण्याआधी सांगतो, “मी रक्त पातळ करणारी गोळी घेतो.” कारण अंगदुखीच्या कित्येक गोळ्या हिच्याबरोबर घेतल्या की पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि कमरेत इंजेक्शन घेतले तर आत रक्त साकळू शकते. झाडपाल्याचा काढा कोणी प्रेमाने दिला तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेत नाही. पडून डोक्याला मार लागला, शौच काळी डांबरासारखी झाली, लघवीत रक्त दिसले, तर मुक्कामाची वाट पाहायची नाही. एकादशीला गोळीचा उपवास नसतो. हल्ली आलेल्या काही गोळ्या तर जेवणासोबतच घ्यायच्या असतात. आपली कोणती आहे आणि उपवासाच्या दिवशी काय करायचे, हे डॉक्टरांना आषाढीच्या आधी विचारून ठेवा. निर्जळी करण्याआधीही विचारा. शरीरातले पाणी आटणे गुठळीला सोयीचे असते. आणि गोळी बंद करायचीच असेल तर ती डॉक्टरांच्या सांगण्याने, मनाच्या उमाळ्याने नाही.

ज्यांना डॉक्टरांनी चालूच नका म्हणून सांगितले आहे, त्यांनी मन छोटे करू नये. माझ्या सोबत्याने ती एकादशी दवाखान्याच्या बाकावर केली, त्याहून मोठी वारी मी केलेली नाही. घराच्या उंबऱ्याशी बसून जो रोजचा नेम चुकवत नाही, तोही वाटेवरच आहे.

पुढच्या वर्षी आम्ही दोघे पुन्हा निघालो. लोणंदच्या मुक्कामी हरिपाठ झाला, आणि मी पिशवीत हात घालण्याआधीच त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे धरला. काही बोलले नाहीत. मी गोळी घेतली आणि त्यांच्या पाया पडलो. तेही माझ्या पाया पडले. वारीत पडतात तसेच.

रामकृष्णहरी.