बघ्याची जागा

एखादी शाळा बंद पडली तर हळहळणारी माणसे असतात. एखादे देऊळ ढासळले तरी असतात. परंतु पैसे घेऊन पाळण्यात बसवणारी एक बाग बंद पडली म्हणून कोणी उसासा टाकावा का? गोराईच्या एस्सेलवर्ल्डची दारे २०२२ साली मिटली, तेव्हा आमच्या डहाणू-तलासरीकडल्या चाळिशीतल्या पुष्कळ माणसांनी तो टाकला. मीही टाकला. त्यावर एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला हटकले, "अहो, ते दुकान होते. दुकान बंद झाले म्हणून गिऱ्हाइकाने सुतक पाळायचे असते का?"

प्रश्न थट्टेचा होता, पण थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. त्याच्या पोटात आपल्याकडचे एक जुने मत दडलेले आहे : विकत घेतलेला आनंद खरा नव्हे. हे मत मला कधीच पटलेले नाही. जत्रेतली पिपाणी विकतच घ्यावी लागते. दिवाळीची फुलबाजीसुद्धा दुकानातूनच येते. आमच्या डहाणूत तर फुग्यांचे कारखाने आहेत. इथला फुगा कुठल्यातरी दूरच्या गावी एखादे मूल छातीशी धरते, तेव्हा त्याच्या बापाने त्याचे पैसे मोजलेले असतात म्हणून त्या मुलाचे हसू खोटे ठरत नाही. आनंद कुठून आला यावरून त्याचा खरेपणा ठरवू लागलो, तर आपल्यापैकी फारच थोड्यांचे बालपण खरे उरेल.

एस्सेलवर्ल्ड सुरू झाले १९८९ साली. दूरदर्शनवर त्याची जाहिरात लागे आणि तिच्यातले गाणे पाठ्यपुस्तकातल्या कवितांच्या आधी आमच्या तोंडी बसे. तेव्हा लोकल विरारलाच संपत असे. डहाणू रोडपर्यंत ती पोहोचली २०१३ साली. त्यामुळे शाळेची सहल निघाली, की पहाटेच्या अंधारात पॅसेंजर धरायची, बोरिवलीला उतरायचे, बसने खाडीवर जायचे आणि लाँचमधून पलीकडे. समुद्रकाठच्या आम्हा मुलांना पाण्याचे काय कौतुक? पण त्या लाँचमध्ये सगळा वर्ग गप्प होई. पलीकडे झाडांच्या वर पाळण्याचा लोखंडी सांगाडा दिसू लागलेला असे.

तिथे आम्ही भ्यालो, ओरडलो आणि खाली उतरून पुन्हा रांगेत उभे राहिलो. आज विचार करताना वाटते, की ती बाग आम्हाला भीतीच विकत होती. पण ती भीती कड्या-साखळ्यांनी बांधलेली होती. वर जाणारा प्रत्येक जण खाली येणार, हे ठरलेले होते. गावातल्या भीतीचे तसे नसते. शेतातला साप, सावकाराचा तगादा, पावसाची ओढ यांना कोणी कडी घालून देत नाही. पैसे मोजून भीती विकत घेण्यासाठी आधी आयुष्यात थोडी निर्भयता असावी लागते. ती आमच्या वर्गात सर्वांच्या वाट्याला आलेली नव्हती. सहलीची वर्गणी भरणारे आम्ही वर्गात निम्म्याहून कमी होतो. दुसऱ्या दिवशी मागे राहिलेल्यांनी आमच्याभोवती कोंडाळे करून सगळी हकीकत ऐकली. त्यांतल्या एकाने बराच विचार करून विचारले, "आणि नुसते बघायला किती पडतात?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. तसले तिकीट तिथे नव्हते.

हा प्रश्न त्या मुलाला सुचला, कारण त्याने आनंदाची दुसरी एक जागा पाहिलेली होती. डहाणू तालुक्यात विवळवेढे येथे, अहमदाबादच्या महामार्गाजवळ, महालक्ष्मीची जत्रा भरते. चैत्री पौर्णिमेला ती सुरू होते आणि पंधरवडाभर चालते. जव्हारच्या मुकणे घराण्याकडून येणारा ध्वज वाघाडीचे सातवी पुजारी रात्री डोंगराच्या सुळक्यावर नेऊन लावतात. खाली बांगड्या, भांडी, मसाले, सुकी मासळी यांची दुकाने मांडलेली असतात, आणि त्यांच्या पलीकडे पाळणे. त्या पाळण्यांनाही तिकीट असतेच! जत्रा म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे. फरक इतकाच, की पाळण्याभोवती भिंत नसते. खिशात दमडी नसलेला माणूस तिथे तासभर उभा राहतो, वर गेलेल्यांच्या किंकाळ्यांना हसतो, खाली आलेल्यांच्या पांढऱ्या चेहऱ्यांची थट्टा करतो. जत्रेत बघ्यालाही जागा असते.

या देवीची कथाही मला या संदर्भात आठवते. एक गरोदर भक्तीण डोंगर चढताना थकून कोसळली. तेव्हा देवी तिला म्हणाली, तू आता वर येऊ नकोस, मीच खाली येते. म्हणून पायथ्याशी देऊळ झाले. ज्याला चढवत नाही त्याच्यासाठी उंचीने खाली उतरावे, ही कल्पना ज्या लोकांना सुचली, त्यांना आनंदाविषयी काहीतरी कळले होते असे मला वाटते.

गंमत अशी, की आधुनिक करमणूक-बागेचा उगमही एका बघ्यापाशीच आहे. वॉल्ट डिस्ने आपल्या लहान मुलींना लॉस एंजेलिसच्या एका उद्यानात चक्रीच्या घोड्यांवर बसवायला नेई आणि स्वतः बाकावर बसून पाहत राही. मोठ्यांनाही मुलांबरोबर रमता येईल अशी एखादी जागा का नसावी, असे त्याला तिथे वाटले. १७ जुलै १९५५ रोजी त्याचे डिस्नेलँड उघडले. भोवती त्याने मातीचा उंच बांध घातला होता, आतल्यांना बाहेरचे जग दिसू नये म्हणून. त्याच बांधामुळे बाहेरच्यालाही आतले दिसेनासे झाले. बाकावर बसलेल्या एका बापाच्या पाहण्यातून जन्मलेल्या बागेत फुकट पाहणाऱ्यालाच जागा उरली नाही.

इथे माझे स्नेही मला दुसऱ्यांदा हटकतील, आणि या वेळी त्यांचे म्हणणे अधिक जड असेल. दुसऱ्याची मौज खालून पाहणे, याला तुम्ही आनंद म्हणता? ही गरिबीची आरती नव्हे काय?

हा आक्षेप मी झटकून टाकू शकत नाही. मागे एका वर्षी माझे काही विद्यार्थी मला जत्रेत भेटले. सगळे पाळण्यात बसायला निघाले, तेव्हा त्यांतला एक म्हणाला, "गुरुजी, तुमी जा वर. मी चपला राखतो." त्याने आमच्या चपला ओळीने मांडल्या आणि शेजारी उभा राहिला. वर गेल्यावर मी पाहिले, तर पाळण्यातले प्रत्येक पोर खाली त्यालाच शोधत होते, त्यालाच हात करत होते. वर जाणाऱ्याला खाली आपले कोणीतरी लागते. नाहीतर उंचीची मजा कळत नाही. पण त्या मुलाकडे पैसे नव्हते, हेही तितकेच खरे, आणि वरून केलेल्या हातांनी ती उणीव भरून निघत नाही.

मग मोल आहे ते कशाचे? याचे उत्तर मला आमच्या भागाच्या इतिहासात सापडते. आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी मे १९४५ मध्ये वारली एकत्र जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो लढा सांगितला आहे. वेठीच्या माणसाजवळ पैसा नसतो, पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की त्याचा दिवसही त्याचा नसतो. मालकाच्या लग्नाची रोषणाई त्यानेही पाहिली असेल. पण खांद्यावर ओझे घेऊन. जत्रेतला बघ्या आपल्या दिवसाचा धनी असतो. कुठे थांबावे, कशाला हसावे, केव्हा निघावे हे तो स्वतः ठरवतो. बघ्याची जागा ही मजुरीची भरपाई नव्हे. त्या मुलाला पाळण्याचे पैसे मिळालेच पाहिजेत. पण ते मिळेपर्यंत त्याला जगाच्या आनंदाबाहेर, भिंतीपलीकडे उभे करण्याचा अधिकार कोणाला आहे?

म्हणून एस्सेलवर्ल्डसाठी मी टाकलेला उसासा मी मागे घेत नाही. तिथला आनंद खरा होता, आणि दुकान मिटले तरी तो खोटा होत नाही. मात्र माणसांना आठवण्याजोग्या जागा उभारताना एवढे तरी विचारावे, की जो आत येऊ शकत नाही त्याच्यासाठी इथे काय आहे? भिंतीच्या आतल्यांना बाग मिटल्यावर निदान आठवण उरते. बाहेरच्यांना हळहळायलाही काही उरत नाही.

या दिवसांत आपण घरोघर आकाशकंदील लावतो. तो आपण दाराबाहेर टांगतो. घरात बसलेल्याला तो धड दिसतसुद्धा नाही. कागद आपला, दिवा आपला, खर्चही आपला, आणि पाहतो मात्र रस्त्याने जाणारा. ही रीत ज्याने पाडली त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. पण आनंद टांगावा कुठे, हे त्याला नेमके माहीत होते.