फायटरची पत्रिका

एकट्या माणसाकडे शांतपणे पाहणं आपल्या लोकांना जमत नाही. तुम्ही हॉटेलात एकटे जाऊन मिसळ मागवा, पोऱ्या टेबलावर फडकं मारता मारता विचारतो, "अजून कोण येणारेत?" लग्नाला एकटे गेलात तर निदान चार बायका "वहिनी नाही आल्या?" म्हणतात, आणि वहिनी का आल्या नाहीत याचं तुम्ही दिलेलं कारण त्यांपैकी एकीलाही पटत नाही. गाडीत खिडकीशी एकटा बसून बाहेर बघणारा प्रवासी एक तर प्रेमभंग झालेला असतो किंवा त्यानं तिकीट काढलेलं नसतं, असं सर्वसाधारण मत आहे. एकटेपणा हा आपल्याकडे स्वभाव नाही, दुखणं आहे. आणि दुखणं म्हटलं की औषध सुचवायला सगळी आळी मोकळी असते.

हे औषध माणसांपुरतं थांबत नाही. माझ्या पुतण्याचा मुलगा शिकायला परगावी गेला. वसतिगृहात मासा चालत नाही, म्हणून त्यानं आपली वीस लिटरची काचेची पेटी आणि तिच्यातला एकुलता एक रहिवासी आमच्या हवाली केला. मासा दिसायला देखणा. निळाजांभळा रंग, आणि शेपटी अंगाच्या मानानं एवढी मोठी की, जड शालू सांभाळत मांडवातून फिरणाऱ्या वरमाईची आठवण व्हावी. दुकानदार त्याला 'फायटर' म्हणतात. शास्त्रीय नाव 'बेटा स्प्लेंडेन्स'. हे नाव टेट रेगन नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञानं १९१० साली ठेवलं. त्यातला 'स्प्लेंडेन्स' कुणाला लागत नव्हता, पण 'बेटा' आमच्या हिनं लगेच उचलला. "बेटा जेवला का?" ही हाक ऐकून समोरच्या काकू आमचा मुलगा कधी आला म्हणून विचारायला आल्या, आणि मासा पाहून म्हणाल्या, "अगोबाई! एकटाच?"

झालं. त्या दिवसापासून फायटरसाठी स्थळं येऊ लागली.

"दोन गप्पी टाका, खेळतील बिचारे," असं वरच्या मजल्यावरून आलं. "गोल्डफिश शुभ असतो," असं खालून आलं. काकूंचं मत सरळ होतं : "त्याला बायको आणा." मी आयुष्यात पत्रिका जुळवण्याच्या बैठकांना पुष्कळ वेळा चहा प्यायलेला माणूस. तेव्हा म्हटलं, हे शास्त्रोक्त होऊ द्या. छत्तीस गुणांचं कोष्टक आहेच. पण त्यातल्या योनीकुटात घोडा, हत्ती, मांजर, उंदीर, मुंगूस असे चौदा प्राणी असूनही मासा नाही. गण मात्र विचारायची गरज नव्हती. फायटर राक्षसगणी, हे आरशासमोर धरताच कळतं. आपलंच प्रतिबिंब पाहून तो कल्ल्यांवरची झाकणं छत्रीसारखी उघडतो, पर ताठ करतो आणि चालून जातो. तेव्हा कोष्टक नवं केलं : पाण्याची ऊब, राहण्याचा मजला, पोशाख आणि स्वभाव. मग मासेवाल्याच्या दुकानात बसून एकेका स्थळाची चौकशी केली.

गप्पीचा नर पोशाखातच बाद झाला. त्याची रंगीत झुलती शेपटी फायटरला दुसऱ्या फायटरसारखी दिसू शकते, आणि मग ती शेपटी राहत नाही. टायगर बार्बचं उलटं : तो स्वतः साधा पट्टेरी, पण दुसऱ्याच्या लांब परांचे लचके तोडण्यात पटाईत. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं, फायटरला चोवीस ते अठ्ठावीस अंशांचं कोमट. शिवाय गोल्डफिश पाणी इतकं घाण करतो की वीस लिटरांत तो एकटाही जास्तच. गुरामी खानदानी. फायटरच्याच गोतातला, त्याच्यासारखाच पृष्ठभागावर येऊन तोंडानं हवा घेणारा. म्हणजे नातेवाईक, म्हणजे नकोच.

बायकोचं स्थळ तर काकूंच्या अपेक्षेपलीकडचं निघालं. फायटरचा नर बुडबुड्यांचं घरटं स्वतः बांधतो. अंडी खाली पडू लागली की तोंडात धरून एकेक घरट्यात ठेवतो, आणि ती फुटेपर्यंत पहारा करतो. इथवर ऐकून काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण अंडी घालून होताच तो मादीला हाकलून लावतो, आणि तिला वेळेवर बाहेर काढलं नाही तर जीवही घेतो. काकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मेला!"

उरले कोण? तळाशी राहणारे कोरीडोरास. स्वभावानं गरीब, पण त्यांना सहा-सहाच्या घोळक्यात राहायचं असतं. वीस लिटरांत ती चाळ मावत नाही. उरली शंखातली नेराइट गोगलगाय. काचेवरचं शेवाळ खाते, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. आणि गोड्या पाण्यात तिची अंडी फुटत नसल्यामुळे पुढंमागं जागेचा वादही नाही.

आता या यादीत एक सूत्र आहे. फायटर सगळ्यांत जास्त भांडतो तो फायटरशी. त्याखालोखाल फायटरसारख्या दिसणाऱ्याशी, मग गोतातल्याशी. ज्याचं रूप वेगळं, मजला वेगळा, खाणं वेगळं, त्याच्याशी त्याचं बहुधा बरं चालतं. आपण माणसं बरोबर उलटं करतो. शेजार शोधताना आपल्यातलाच बघतो. भाषा आपली, जात आपली, जमलं तर पोटजात आणि गावही आपलं. आणि मग सख्खा भाऊ बांधावरच्या आंब्यासाठी भावाला कोर्टात खेचतो, ते वेगळं. 'भाऊबंदकी' हा शब्द काही परक्यांच्या भांडणावरून पडलेला नाही. कौरवपांडवांच्या जागी एका बाजूला पांडव नि दुसऱ्या बाजूला गोगलगायी असत्या, तर महाभारत एका पर्वात आटोपलं असतं.

पण इथं फायटरची बाजू मांडायला हवी. हा मासा मूळचा थायलंडचा, म्हणजे पूर्वीच्या सयामचा. भातखाचरांतल्या आणि दलदलींतल्या उथळ पाण्यातला. तिथंही नर भांडतात. पण तिथं हरलेल्याला पळून जाता येतं. तो दोन गवतांपलीकडे जातो, भांडण मिटतं. माणसानं या माशांना झुंजीसाठी पाळलं, जास्त चिडके निवडून त्यांचीच पैदास केली. माणसाच्या हाती येऊन त्यांना निदान एक हजार वर्षं झाली, असं त्यांच्या जनुकांवरच्या २०२२ सालच्या अभ्यासातून निघालं. २०१९ साली थायलंडनं त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला, हे ठीकच झालं. पण हजार वर्षं एखाद्याला चिडायला शिकवायचं, मग काचेत कोंडायचं, समोर दुसरा सोडायचा, आणि वर "काय बाई भांडकुदळ स्वभाव!" म्हणायचं, याला न्याय म्हणत नाहीत. भांडण माशाच्या स्वभावात आहे, हे खरं. त्यात जीव जातो तो काचेमुळे. आणि काच काही माशानं आणलेली नाही.

सोबतीचा हाच तर पेच आहे. शोपेनहॉवर नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं १८५१ च्या आपल्या पुस्तकात साळिंदरांचा दृष्टान्त दिला आहे. थंडीत साळिंदरं उबेसाठी जवळ येतात, तर काटे टोचतात; लांब जातात, तर गारठतात. शेवटी टोचणार नाही आणि गारठणारही नाही असं अंतर त्यांना सापडतं. गृहस्थ स्वतः शेवटपर्यंत लग्नाशिवाय राहिला, कुत्रा पाळला आणि त्याला 'आत्मा' म्हणून हाक मारीत असे. पण त्या साळिंदरांना एक सोय होती, ती बेट्यांना नाही. त्यांना हलता येत होतं. अंतर त्यांचं त्यांनी ठरवलं. आमच्या पेटीत ते ठरवणार समोरच्या काकू.

हे सगळं मासेवाल्याच्या दुकानात संपलं असतं तर मी लिहायलाही बसलो नसतो. पण त्याच सुमारास आमच्या घरात दुसरी बैठक भरली. माझे मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मामी गेल्यापासून पेठेतल्या दोन खोल्यांत एकटे राहतात. त्यांचं काय करायचं, हा विषय. थोरल्या मामेभावाचं म्हणणं, त्यांनी आपल्याकडे ठाण्याला यावं. धाकट्याचं म्हणणं, चार महिने इथं, चार महिने तिथं. मामेबहीण म्हणाली, वृद्धाश्रम आता पूर्वीसारखे नसतात, समवयस्कांची सोबत मिळते. पाण्याची ऊब, राहण्याचा मजला, खाण्याच्या वेळा, सगळं निघालं. मला कोष्टक ओळखीचं वाटत होतं.

मग धाकटा मामेभाऊ एकदम म्हणाला, "मी सांगतो, दादांना एकटंच आवडतं. राहू दे त्यांना." आणि खोलीत किती बरं वाटलं म्हणून सांगू! थोरल्याचे खांदे उतरले, बहिणीनं पर्स उघडून रुमाल काढला, चहा पुन्हा टाकला गेला. इथं मात्र मला आमचा फायटर आठवला आणि घोट गोड लागेना. कारण 'त्याला एकटंच आवडतं' हे वाक्य माशाबद्दल खरं आहे. त्याला सोबतीची उणीव भासत नाही. माणसाबद्दल ते खरं असू शकतं, आणि तितकंच ते सोयीचंही असू शकतं. बोलणाऱ्यालाही नेहमी कळत नाही की आपण दुसऱ्याच्या स्वभावाचा मान राखतो आहोत की आपली एक खोली वाचवतो आहोत. सोबत लादणं हा अन्याय, तसा एकटेपणा लादणं हाही अन्यायच. फरक इतकाच की पहिल्याचा आवाज होतो, नि दुसरा अगदी गुपचूप, आदरानं केला जातो.

मग ओळखायचं कसं? माशाच्या बाबतीत आपल्याला अंदाजच करावा लागतो. कल्ले फुलले का, पर फाटले का, खाणं सुटलं का, हे बघायचं आणि पाहुण्यासाठी दुसरी पेटी तयार ठेवायची. पण माणसाला एक जादा अवयव असतो, तोंड. आमच्या हिनं बैठक चालू असतानाच उठून मामांना फोन लावला आणि सरळ विचारलं, "मामा, तुम्हाला सोबत हवी का हो?"

मामा म्हणाले, "हवी की! पण संध्याकाळी पाच ते सात."

बैठकीला हा पर्याय सुचलाच नव्हता. आपल्याकडे सोबत चोवीस तासांची असते, नाही तर नसते. चौकशीअंती कळलं ते इतकं : सकाळी मामांना आपला रेडिओ आपल्या आवाजात लागतो, दुपारी झोप लागते, रात्री मामींच्या फोटोशी चार शब्द बोलायचे असतात, ते सुनेदेखत बोलवत नाहीत. मात्र दिवेलागणीला घर खायला उठतं. आता धाकटा आठवड्यातून दोनदा त्या वेळी जातो, बाकीचे दिवस वाड्यातले तिघं रमीला बसतात. मामा पत्त्यांत भांडतात, चांगले तावातावानं. सातला पत्ते आवरतात आणि ज्याचा तो आपापल्या घरी जातो. दार आहे ना!

आणि फायटर? त्याच्या पेटीत आम्ही भरपूर वनस्पती लावल्या, म्हणजे कुणाला कुणाच्या नजरेआड व्हायचं झालं तर व्हावं. उडी मारण्याची खोड असते म्हणून वर झाकण बसवलं. आणि काकूंच्या समाधानासाठी एक गोगलगाय आणली. तिला येऊन तीन आठवडे झाले. पहिल्या दिवशी फायटरनं जवळ जाऊन एकदा नीट पाहिलं, शंखाला एक टोचा मारला आणि हिच्यात भांडण्यासारखं काही नाही असं ठरवून तो वर हवा घ्यायला गेला. तेव्हापासून ती काच पुसते, तो पहारा करतो.

काकू रोज येऊन बघतात. "रमला हो बेटा," म्हणतात. तो रमला की नाही, देव जाणे. पण काकू रमल्या आहेत. गोगलगायीला मात्र अजून कुणी काही विचारलेलं नाही. परवा ती काचेवरून चढत चढत थेट झाकणापाशी जाऊन बसली होती.