गव्हाणीतलं बाळ

आज नाताळ. वसईत घरोघरी गोठा मांडून झालाय. बाळ येशूची मूर्ती पेंढ्यावर ठेवताना आजीचे हात हळुवार होतात, जणू खरंच तान्हं बाळ निजवायचंय.

१२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात असिसीच्या संत फ्रान्सिसने असाच गोठा उभा केला होता. खरं गवत, खरा बैल, खरं गाढव. येशूच्या जन्मावेळचे हाल लोकांना डोळ्यांनी दिसावेत, ही त्याची तळमळ.

लूकच्या शुभवर्तमानात देवदूत मेंढपाळांना खूण सांगतो ती राजवाड्याची नाही. बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेलं बाळ, एवढीच. गव्हाण म्हणजे गुरांना वैरण घालायची जागा. आणि बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ भाकरीचं घर! मी इथे दरवर्षी थबकतो. देव माणूस झाला, ही ख्रिस्ती श्रद्धा. पण कसा माणूस? ज्याला कुणीतरी उचलून घ्यावं लागतं, दूध पाजावं लागतं, असा. पुढे शेवटच्या भोजनात भाकर मोडून स्वतःला वाटून देणारा तो हाच.

त्या रात्री त्याला बघायला सर्वांत आधी धावले ते कळप राखत जागणारे मेंढपाळ. अंगाला मेंढ्यांचा वास, पायांना माळावरची धूळ.