लटक्या छिद्राची नीति

रोग्याच्या कवटीला छिद्र पाडावयाचें आणि औषध मात्र आंत घालावयाचें नाहीं, याला चिकित्सा म्हणावें कीं प्रतारणा? प्रश्न काल्पनिक नाहीं. मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी बुजली म्हणजे दर मिनिटास सुमारें १९ लक्ष मज्जापेशी मरतात, असा एक हिशेब आहे. पहिले कांहीं तास हुकले कीं मागें उरतो तो लुळा हात आणि अडखळणारी वाणी. अशा १८ रोग्यांच्या मेंदूंत मूलपेशींपासून तयार केलेल्या पेशी सोडल्याचा वृत्तांत अमेरिकेंतील शल्यवैद्य स्टाइनबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केला. झटका येऊन सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतचा काळ लोटलेला; तरीहि हालचालींत सुधारणा दिसली!

पण आपणांस पेशी मिळाल्या हें त्या सर्वांस ठाऊक होतें. आणि आशा हीहि एक प्रबळ मात्राच आहे. म्हणून पुढील प्रयोगांत १६३ रोग्यांपैकीं कांहींच्या कवटीस नुसतें वरवर छिद्र पाडलें. कोणास काय मिळालें, हें रोग्यांना कळूं दिलें नाहीं. २०१९ सालीं निकाल लागला: आधीं ठरविलेल्या मुख्य कसोटीवर दोहोंत लक्षणीय अंतर नाहीं.

मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरूं नये, असें कांट म्हणतो. त्याचा भर 'केवळ' या शब्दावर आहे. फसगतीची शक्यता आधीं सांगितली आणि ती रोग्यानें पत्करली, तर तिला असत्य म्हणणें मला जड जातें. रंगभूमीवरील राजाला आपण तोतया म्हणत नाहीं. खरी अडचण निराळीच आहे. लुळ्या हाताच्या माणसाची संमति मोकळी असते काय? 'पेशी मलाच मिळतील' या आशेनेंच तो सही करतो. ही अगतिकता मी नाकारीत नाहीं. परंतु 'करून पाहण्यांत काय बिघडलें?' म्हणत सिद्ध न झालेल्या पेशी विकणाराचा तर सारा धंदाच तिच्यावर चालतो. रक्ताच्या कांहीं विकारांवरील प्रत्यारोपण वगळतां मूलपेशींचा उपयोग मंजूर प्रयोगांतच व्हावा, असा दंडक भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१७ सालीं घालून दिला, तो उगीच नव्हे.

आपल्याकडेहि १२० रोग्यांवर असा प्रयोग झाला. निम्म्यांस त्यांच्याच अस्थिमज्जेंतील पेशी शिरेवाटे दिल्या. अपाय झाला नाहीं, पण गुणहि आला नाहीं. २०१४ सालचा हा निष्कर्ष हातीं आला तो पेशी न मिळालेल्या निम्म्यांमुळें. लटकें छिद्र सोसणाराचें ऋण तर याहून मोठें. प्रयोगाचा निकाल सर्वांआधीं त्याला कळावयास हवा. आणि पेशी गुणकारी ठरल्याच, तर त्यांवर पहिला हक्क त्याचा.