पडलेला बंधु आणि देवाची कृपा

आमच्या मंडळीतील एका बंधूने सर्वांसमक्ष दारू सोडण्याचा निश्चय प्रगट केला. पाच महिने तो नेमाने उपासनेस येत असे. पुढे एका बाजाराच्या दिवशी तो पुन्हा प्याला. मी त्यास म्हणालो, "तुझा पश्चात्तापच खोटा होता." तेव्हापासून त्याने मंदिराची पायरी चढली नाही. त्याचे पाप खरेच. परंतु माझे बोलणे तरी सुवार्तेस धरून होते काय?

कित्येक म्हणतात, पडला त्या अर्थी विश्वास लटका. दुसरे म्हणतात, देव क्षमाशील आहे, मग एवढी चिंता कशास? पहिले कृपेची मजुरी करितात, दुसरे तिचा परवाना करितात. रोमकरांस पत्राच्या ७ व्या अध्यायात पौल प्रेषित आपली इच्छा व आपली कृती ह्यांमधील झुंज उघड करितो. पण तो पापाशी तह करीत नाही, सोडविणाऱ्याचा धावा करितो. जेथे झुंज आहे तेथे जीव आहे.

सन १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन नगरात डॉ. बॉब स्मिथ ह्या व्यसनग्रस्त वैद्यास बिल विल्सन हा गृहस्थ भेटला. तो स्वतः त्याच व्यसनातून नुकताच सुटला होता. काही दिवस संयम राखून डॉक्टर पुन्हा प्याले. तरी विल्सनने त्यांस टाकिले नाही. त्या जून महिन्यानंतर १९५० साली मरण येईपर्यंत डॉक्टरांनी मद्यास स्पर्श केला नाही. त्या दोघांच्या सोबतीतून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' हा संघ निघाला. 'माझ्या बळाने हे होत नाही' ही कबुली त्याची पहिली पायरी होय. ते पुन्हा प्याले त्या दिवशी माझ्यासारखा न्यायाधीश तेथे असता, तर काय झाले असते?

कृपा शरीराचा नियम विसरत नाही. वर्षानुवर्षे अतिशय पिणाऱ्याने एकाएकी सोडिल्यास कंप, भ्रम, क्वचित मरणही ओढवते. म्हणून वैद्याकडे नेणे हा अविश्वास नव्हे. तसेच क्षमा केली म्हणून पत्नीने मजुरीचे पैसे त्याच्या हाती द्यावे, असेही नाही.

गेल्या आठवड्यात मी त्या बंधूच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. त्याने फक्त घोंगडी अंथरली. बंधुजनहो, पुढील बाजाराच्या संध्याकाळी अशा एखाद्याबरोबर त्याच्या घरापर्यंत चालत जा. उपदेश रविवारी करता येईल.